जीपगाडीची खांदेमळणी

कपबशी आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगायला बसले, तर आमच्या विहीणबाईंना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. त्यांचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा हातातलं ठेवा, मग मी माझ्या शहाणपणाचं सांगते. गावात वेडेपणा पुष्कळांनी केला असेल, पण तूप लावून केलेला माझा एकटीचाच.

लढाई संपून वर्ष झालं असेल. आमचे हे पलटणीत मोटारड्रायव्हर होते. लगीन झालं, हळद उतरली नाही तोवर गेले, ते सहा वर्षांनी आले. सहा वर्षं मी वाट बघितली. आणि आल्यावर तरी काय? रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव. घरात अकरा माणसं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर गोठ्यात जायचं, आणि तिथंही म्हैस ऐकायची.

तर ह्यांनी काय केलं, पुण्याकडं लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव होता, तिथून एक जीप आणली. आणि जीपच्या मागं लावायची एक गाडी. दोन चाकं, पत्र्याची पेटी, पत्र्याचंच छप्पर, बाजूला एक खिडकी आणि मागं दार. लष्करात म्हणे त्यात बिनतारी तारेचं यंत्र ठेवायचे. आत आडवं पडलं की पाय दाराला लागायचे. पण खिडकी होती! आमच्या माजघराला नव्हती.

ह्यांचा बेत असा, की जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरायचं. मिठाईवाला असो की बांगड्यावाला, दिवस मावळला की प्रत्येकाला गॅसबत्ती लागायची, आणि दहातली चार बिघडायची. बत्त्या, स्टो, पंप नीट करायचे, आणि ऱ्हायचं त्याच गाडीत. आम्ही दोघं. मला हे सांगितलं तेव्हा मी चुलीपुढं होते, भाकरी तव्यावर काळी ठिक्कर झाली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलायचं ते बोलल्या. मला ऐकूच आलं नाही.

पण मामंजी घरचे मालक. त्यांना ते पत्र्याचं खोकं मुळीच पटलं नव्हतं. ते म्हणाले, ह्या डब्यात सून घेऊन फिरणार, तो वाटंत उलटला तर लोकं मला काय म्हणतील? आधी रस्त्यानं सरळ चालवून दाखव. नाही चालला, तर चाकं काढीन आणि शेरडांना कोंडायला ठेवीन.

झालं. आता माझा संसार होणार की शेरडांचा, एवढाच प्रश्न होता.

पहिली अडचण आली ती जोडायची. मागच्या गाडीच्या दांडीला लोखंडी कडी होती, पण जीपच्या पाठीला जो आकडा असायचा तो लिलावातच कुणीतरी काढून घेतलेला. मग गणू लोहाराकडं गेलो. गणू म्हणजे गावचा शहाणा. त्यानं हत्ती बांधावा असला जाडजूड आकडा घडवला. कडी आकड्यात अडकवली, ह्यांनी जीप हाकली, रिकामी गाडी मागून शेळीच्या करडासारखी गेली. गणू म्हणाला, "बगा, लोण्यातनं सुरी."

मग मी सामान भरलं.

हे नीट ऐका, कारण सगळं पाणी इथंच मुरतंय. सामान भरणं माझं काम. ते ह्यांनी बघितलं नाही, गणूनं बघितलं नाही. बाप्यांचं लक्ष आकड्यावर. भांड्याकुंड्यांत कोण डोकं घालतंय? आणि मी काही ऐरीगैरी नव्हते. माझं माहेर सांगलीकडचं. माझे बाबा हळदीच्या गाड्या सांगलीच्या पेठेत न्यायचे, आणि त्यांच्यासारखी गाडी भरणारा पंचक्रोशीत नव्हता. मी लहान असताना आमच्या ढवळ्याला खांदा आला होता. जू घासून मानेवर हे एवढं सुजलं, बैल डोळ्यांतून पाणी काढायचा. गाडी पुढं जड भरली होती गड्यानं. बाबांनी त्या गड्याला जे फैलावर घेतलं, ते माझ्या डोक्यात खिळा मारल्यासारखं बसलं. मुक्या जनावराच्या मानेवर ओझं टाकू नये.

आता जीप काय, मुकी नाही?

म्हणून मी सगळं जड सामान मागं, दाराकडं भरलं. जातं मागं. हो, जातं नेलं होतं. घर म्हटल्यावर जातं नको? पाटा-वरवंटा मागं. जोंधळ्याचं पोतं मागं. ह्यांच्या हत्यारांची लोखंडी पेटी तर दारालाच टेकवून. पुढं काय, तर दोन वाकळा आणि देवाचा फोटो. आणि मी स्वतः मागं, दारात, पाय बाहेर सोडून. तेव्हा मी काही आत्तासारखी काटकुळी नव्हते. बाळंतपणाआधी बायका कशा असतात, भरलेल्या. दांडीखाली हात घालून बघितलं, तर दांडी जीपच्या पाठीला वरच उचलत होती. मानेवर गुंजभर ओझं नाही. मला इतकं बरं वाटलं.

निघालो. गावातून हळूहळू ठीक गेलो. रहिमतपूरच्या रस्त्याला लागून ह्यांनी जरा जोर केला, आणि रस्ता हलायला लागला. मला तर तसंच वाटलं. मी मागं तोंड करून बसलेली. रस्ता उजवीकडं जायचा, डावीकडं जायचा, पुन्हा उजवीकडं. मी मनात म्हटलं, एवढी वळणं ह्या रस्त्याला कधीपासून आली? मग कडेचं बाभळीचं झाड माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेलं, तेव्हा कळलं, रस्ता जागेवर आहे, आम्हीच शेपूट हलवतोय.

बांधावरचा एक म्हातारा ओरडला, "आवं, गाडीला काय पाजलंय?"

हे उतरले, आकडा बघितला, कडी बघितली, गणूच्या सात पिढ्या बघितल्या. हळूहळू घरी आलो. आता आमच्या माहेरची शिस्त अशी, भरल्या गाडीचे बैल सोडायचे नाहीत. आधी माल उतरवायचा, मग जू सोडायचं. मी ती शिस्त पाळायचे. जोडून झाल्यावर भरायचे आणि सोडायच्या आधी उतरवायचे. त्यामुळं भरलेली दांडी सुटी झालेली कुणी बघितलीच नाही. चांगल्या वळणानं माणसाचा घात होतो तो असा.

मग मिरजेहून ह्यांचे पलटणीतले दोस्त दस्तगीरभाऊ आले. लॉरी चालवायचे, अंगानं धिप्पाड, बोलणं हळू. त्यांनी आकडा बघितला आणि मान हलवली. म्हणाले, कडी आकड्यात खेळतीया, म्हणून गाडी नाचतीया. गोळा पायजे. लोखंडी गोळा जीपला, आणि दांडीला उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसली की खेळायला जागाच नाही. गणूला ते लागलं. तो म्हणाला, लाडू-वाटीचा खेळ पोरींनी खेळावा. दोघांची जुंपली. मी दाराआडून ऐकत होते. गणू बोलला की वाटायचं गणूचं खरं. दस्तगीरभाऊ बोलले की वाटायचं त्यांचंच खरं. आणि दोघं एकदम बोलले की वाटायचं, शेरडांचंच नशीब जोरावर आहे.

दस्तगीरभाऊंनी मोडक्या लॉरीतून गोळा आणला. बसवला. रिकामी गाडी? शेळीचं करडू.

मग मी सामान भरलं. आणि ह्या खेपेला मी काय केलं असेल? मला वाटलं, मागच्या खेपेला जीपला झेपलं नाही म्हणून ती चळवळत होती. बैलाची मान दुखली की तो मान झटकतो, तशी. म्हणजे अजून थोडं ओझं पुढं राहिलं असणार. मग वाकळासुद्धा मागं घेतल्या. पुढं एकटे देव.

ह्या खेपेला आम्ही रस्त्यावरून गेलो म्हणणं खोटं होईल. रस्त्याला शिवत शिवत गेलो. समोरून येणाऱ्या टांग्याचा घोडा आपणहून शेतात उतरला. खिडकीत ठेवलेला ह्यांचा आरसा फुटला. आणि कुपनावर मिळालेलं पेट्रोल संपत आलं, ते वेगळंच. घरी आलो तर मामंजी ओसरीवर. शेरडं मोजत होते.

त्या सांजेला हे जेवले नाहीत. मला गोठ्यात म्हणाले, "माझ्या हातानं ह्या जल्मात सरळ काय व्हायचं न्हाई बग."

मी म्हटलं, "आवं, तुमच्या हाताचं न्हाई. जीपच्या मानंचं दुखणं हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बिचाऱ्यांना वाटलं, बायको धीर देतीय. मी रोग सांगत होते.

शेवटी गणू आणि दस्तगीरभाऊ एक झाले. संकट आलं की शहाणी माणसं एक होतात. गोळा-वाटी ठेवायची, पण शेपूट हलायलाच द्यायचं नाही. त्यासाठी लॉरीच्या कमानीचा एक पोलादी पाटा दांडीला बसवला. त्याचं दुसरं टोक जीपच्या पाठीला, दोन बाभळीच्या ठोकळ्यांमध्ये धरलं, आणि ठोकळे बोल्टानं आवळले. गाडी बाजूला वळायला लागली की पाटा ठोकळ्यांवर घासणार, आणि त्या घासण्यानंच गाडीचा झोका मरणार. सगळी करामत त्या घासण्यात. दस्तगीरभाऊंनी दोनदा बजावलं, ठोकळे कोरडे ऱ्हायला पायजेत. पण ते बजावलं ह्यांना. मी तेव्हा चहा करत होते.

मामंजींनी सांगितलं, उद्या सकाळी मी स्वतः जीपमध्ये बसतो. ही शेवटची खेप.

आता बघा, माझ्या जिवाची काय दशा असेल. पहाटे उठले. झाडलोट करताना जीपपाशी गेले. तर त्या नव्या ठोकळ्यांमध्ये तो पाटा असा गच्च आवळलेला, कोरडा ठणठणीत. लोखंड लाकडात रुतलेलं. ह्यांनी जीप हलवून बघितली होती, त्याचे ओरखडे उठलेले. ढवळ्याचा खांदाच डोळ्यांपुढं आला.

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो. वर्षभर जू ओढून दमलेली मान, तिला थंडावा. खांदेमळणी. बेंदराला अजून अवकाश होता, पण दुखणं काय सण बघून येतं? आत गेले. आत्याबाईंच्या गाडग्यातलं तूप घेतलं, चांगलं वाटीभर. त्यात हळद कालवली. आणि बसले जीपच्या मागं. ठोकळ्यांच्या फटीत बोटं घालून घालून चोळलं. पाट्याला चोळलं. गोळ्याला चोळलं. वरून कुंकू लावलं आणि म्हटलं, बाई, आजचा दिवस सांभाळ.

मग सामान भरलं. सगळं मागं. आणि मामंजी बसणार म्हणून, त्यांचं वजन जीपवर येणार, म्हणून चटणीचं उखळसुद्धा मागं घेतलं.

निघालो. मामंजी पुढं, डोक्याला जरीचा फेटा, दोन्ही हातांत काठी. दस्तगीरभाऊ आणि गणू वेशीवर उभे. मी मागं दारात, उखळाला मिठी मारून.

काय सांगू, त्या दिवसापुढं आधीच्या दोन खेपा म्हणजे देवदर्शन. पाटा ठोकळ्यांतून असा सुळसुळ सरकत होता, की त्या झोक्याला उलट जोरच चढला. भांडी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. देव फोटोसकट माझ्या मांडीवर. आणि त्यात एक वास यायला लागला. पाटा घासून घासून ठोकळे तापले, तूप कढलं.

पुढून मामंजींचा आवाज आला, "शिरा कुठं भाजत्यात रं?"

ह्यांनी जीप थांबवली. उतरले. मी दारातून बाजूनं वाकून बघितलं. वडलांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले. वाकून पाट्याचा बोल्ट काढला, आणि वाटीची खीळ ओढली.

मी ओरडणार होते, भरली गाडी सोडू नगा. पण तोंड उघडेपर्यंत दांडी सुटली ती आभाळाला गेली. मामंजी नेमके बघायला वाकले होते. दांडीनं त्यांना शिवलं नाही, देवाची कृपा, पण फेटा उचलला आणि टोकाला घेऊन वर गेली. आणि मागं काय झालं? मागं मी. गाडीचा मागचा भाग धाडदिशी जमिनीला टेकला. आधी उखळ गेलं, मग मी गेले, मग जोंधळ्याचं पोतं आलं, आणि मग दोन वाकळा हळूच येऊन माझ्या डोक्यावर पडल्या.

वाकळ बाजूला करून बघते तर समोर मामंजी, बोडके. लगीन झाल्यापासून मी त्यांचं डोकं कधी बघितलं नव्हतं. मी पदर ओढला तो पार हनुवटीपर्यंत. त्यामुळं पुढचं सगळं मला ऐकू आलं, दिसलं काहीच नाही.

मामंजींची पावलं गाडीभोवती फिरली. थांबली. दांडी खाली ओढायचा आवाज आला, ती येईना. मग ते माझ्याशी बोलले. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"सूनबाई, माल कुणी भरला?"

"म्या."

"समदा मागं का?"

मी पदराआडून सांगितलं सगळं. ढवळ्याचा खांदा, बाबांची शिकवण, मुकी जीप. वाऱ्यावर फेटा फडफडत होता तेवढाच आवाज.

"आन् ह्यो तुपाचा वास?"

"खांदेमळणी केली जी."

ह्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की मला वाटलं रडले. नंतर कळलं, तोंडात फडकं कोंबलं होतं त्यांनी.

मामंजी खाली बसले. एखाद्या लेकराला सांगावं तसं सांगितलं. म्हणाले, "पोरी, पुढं जड भरली तर बैलाची मान जाती, खरं हाय. पण मागं जड भरली तर गाडी उलाळ हुती, जू वर उठतं आन् बैलाचा गळा आवळतं. तुझ्या बानं ह्ये सांगितलं नसंल व्हय?"

आणि तेव्हा मला आठवलं. सांगितलं होतं. त्याच दिवशी, त्याच गड्याला, त्याच दमात. मान सांभाळ आणि गळाबी सांभाळ, पुढं चिमूटभर जास्त असू दे. पण तेवढ्यात आईनं मला गूळ-शेंगदाणे दिले होते आणि मी आत पळाले होते. बाबांची अर्धी विद्या माझ्याकडं, अर्धी गूळ-शेंगदाण्याकडं.

मग माझ्या सासऱ्यानं, बोडक्या डोक्यानं, भर रस्त्यात स्वतः गाडी भरली. जातं पुढं. पेटी पुढं. पोतं चाकांच्या जरा पुढं. ठोकळे काढून धोतराच्या सोग्यानं पुसले, वर माझ्या भांड्यांसाठी आणलेली राख घासली, पुन्हा आवळले. दांडी आता आपल्या वजनानं गोळ्यावर बसली. मी उठले, पदर सावरला आणि माझ्या जागेवर, मागं दारात, जाऊन बसले.

जीप निघाली. बरीच सरळ. पण अगदी सरळ नाही. जरा जोर केला की थोडी चुळबुळ होतीच. गणूचं चुकलं की दस्तगीरभाऊंचं, मला कळेना. एवढ्यात जीप थांबली. मामंजी काठी टेकत मागं आले. गाडीत डोकावले. जातं पुढं, पेटी पुढं, उखळ पुढं, सगळं नीट. मग माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"एक नग मागं ऱ्हायलाय," ते म्हणाले, आणि जाऊन बसले.

मी मुकाट्यानं पुढं सरकले आणि जात्यावर जाऊन बसले. त्यानंतर ती गाडी परत वेशीपर्यंत अशी आली, जशी दोरी ताणावी.

शेरडं गोठ्यातच राहिली. आम्ही जत्रांना निघालो, पार फलटणपासून सांगलीपर्यंत. खिडकी मला मिळाली. पण एक झालं. दस्तगीरभाऊ आणि गणू, दोघांनी आपापल्या गावी सांगून ठेवलं होतं की आपल्याच आकड्यानं गाडी सरळ झाली. त्यामुळं जिथं जाऊ तिथं कुणीतरी मोटारवाला येऊन ह्यांना विचारायचा, पाव्हणं, मागची गाडी लय सरळ चालती, आकडा घालावा का गोळा?

आणि हे बत्तीतून मान वर न काढता सांगायचे, "काय बी घाला गड्या. बायकू तेवढी म्होरं बसवा."